वाचक विचारतात: प्रोजेक्ट चालवायला माणसं कुठून आणायची?

मागच्या अंकात ओपन सोर्सवर, म्हणजे ज्याचा कोड सगळ्यांना खुला असतो अशा सॉफ्टवेअरवर, लिहिलं होतं त्यावर भरपूर पत्रं आली. कोड कसा लिहायचा हे फार थोड्यांनी विचारलंय. बहुतेकांची अडचण एकच आहे, की कोड पाठवणारे मिळतात पण जबाबदारी घ्यायला, म्हणजे निर्णय घ्यायला, वाद मिटवायला, रिलीज (नवीन आवृत्ती) कधी काढायचं ते ठरवायला कोणी पुढे येत नाही. म्हणून यावेळी सगळी जागा याच विषयाला देतेय.

प्रश्न (नाशिकहून एक वाचक): जुन्या मराठी फॉन्टमधला मजकूर युनिकोडमध्ये बदलणारं एक छोटं टूल मी सहा वर्षांपूर्वी सुरू केलं. आता छापखाने, शाळा, पतसंस्था असे बरेच लोक ते वापरतात. लोकांनी पाठवलेले बदल मर्ज करायला, म्हणजे मूळ कोडमध्ये घ्यायला, आम्ही दोघंच आणि दोघांनाही नोकऱ्या. चार महिन्यांपूर्वी रीडमीत (प्रोजेक्टच्या माहितीच्या पानावर) अगदी वर लिहिलं की पाच जणांची कमिटी करायची आहे, इच्छुकांनी कळवावं. अकरा जणांनी लाइक केलं, नाव एकानेही दिलं नाही. लोकांना प्रोजेक्टची पडलेली नाही असं समजायचं का?

उत्तर: अजिबात नाही. "इच्छुकांनी कळवावं" हे वाचून कोणालाच वाटत नाही की आपल्याला बोलावलंय. सोसायटीच्या वार्षिक सभेत सेक्रेटरी कोण होणार विचारलं की सगळे खाली बघतात, पण म्हणून त्यांना बिल्डिंगची काळजी नसते असं थोडीच आहे? पाण्याची टाकी गळायला लागली की तेच लोक रात्री टॉर्च घेऊन गच्चीवर जातात.

आणि हे फक्त छोट्या प्रोजेक्टचं नाही हं. डेबियन बघा, विंडोजसारखी पण लोकांनी मिळून बनवलेली, लिनक्सवरची ऑपरेटिंग सिस्टिम. १९९३ पासून चालू आहे, जगभरात हजाराच्या आसपास डेव्हलपर, १९९८ पासून स्वतःची लेखी घटना, दरवर्षी प्रोजेक्ट लीडरची निवडणूक. तरी २०१९ च्या मार्चमध्ये उमेदवारीची मुदत संपली तेव्हा एकही नाव आलेलं नव्हतं! घटनेतच तरतूद होती म्हणून मुदत आठवड्याने वाढली, त्या काळात लीडरच नसेल तर काय, हे पद एका माणसाला झेपेल एवढं आहे का, अशी उघड चर्चा झाली, मग उमेदवार उभे राहिले आणि सॅम हार्टमन निवडून आले. लोक तेच होते, फक्त त्या आठवड्यात काम नक्की काय आहे आणि ते कोणी घेतलं नाही तर काय होईल हे सगळ्यांना स्पष्ट दिसलं. माझ्या मते तुमच्याकडे नेमकं हेच झालेलं नाहीये.

"कमिटी" म्हटलं की ऐकणाऱ्याला न संपणाऱ्या मीटिंगा दिसतात. त्यामुळे तो शब्द थोडे दिवस बाजूला ठेवा आणि तुम्ही दोघं महिनाभरात खरंच काय काय करता ते लिहून काढा. आलेले इश्यू (लोकांनी नोंदवलेल्या अडचणी) वाचणं, डुप्लिकेट बंद करणं, नवीन फॉन्टचा तक्ता आला तर तपासणं, रिलीजआधी जुन्या फाइली पुन्हा चालवून बघणं, कोणता फॉन्ट आधी घ्यायचा ते ठरवणं, कोणी कोणाला वाईट बोललं तर समजावणं. यातलं निम्म्याहून जास्त काम कोडचं नाहीये बघा.

आता माणसं. तुम्ही पत्रासोबत लिंक दिली होती म्हणून मी एक अख्खी संध्याकाळ तुमचे इश्यू वाचत बसले, आणि मला तुमचा पहिला माणूस तिथे सापडला. जुन्या फॉन्टमध्ये रफार अक्षराच्या नंतर टाइप होतो, युनिकोडमध्ये तो आधी लागतो, आणि मधे काना आला की टूल त्याला मागे न नेता तिथेच ठेवत असल्यामुळे "कार्यालय" चं "कायार्लय" होत होतं. हा इश्यू टाकणाऱ्याने (लिहिण्यावरून छापखान्यातला वाटतो) मूळ फाइल जोडली, कुठल्या कुठल्या शब्दांत होतंय ते शोधून "पर्याय", "निर्वाह", "मर्यादा" अशी यादी दिली, आणि पुढच्या वर्षभरात तीन वेगळ्या लोकांनी तोच प्रॉब्लेम नव्याने टाकला तेव्हा त्यानेच त्यांना जुन्या इश्यूवर नेऊन सोडलं. कोडची एक ओळ त्याने दिलेली नाही. पण प्रोजेक्ट सांभाळणं म्हणतात ते हेच, तो ते आधीपासून करतोय, आणि तुम्ही दोघांनी त्याला अजून एकदाही विचारलेलं नाही.

त्याला त्याच्या नावाने लिहा. साधारण असं: "कायार्लयचा इश्यू तुम्ही टाकलात आणि नंतर तिघांना उत्तरही तुम्हीच दिलंत, आम्ही ते बघत होतो. पुढचे सहा महिने नवीन इश्यू वाचून लेबल लावायचं आणि डुप्लिकेट बंद करायचं काम घ्याल का? आठवड्याला तासभर जाईल. इश्यू बंद करायचा अधिकार आजच देतो. सहा महिन्यांनी नको वाटलं तर थांबा, कारण विचारणार नाही." यात काम किती, किती दिवस, हातात काय मिळणार आणि बाहेर कसं पडायचं हे चारही आलं. शेवटचं फार महत्त्वाचं आहे बरं का, कारण आपल्याकडे लोक कामाला घाबरत नाहीत, एकदा गळ्यात पडलं की आयुष्यभर उतरणार नाही याला घाबरतात.

आणि अधिकार खरंच द्या. हे मी पोटतिडकीने सांगतेय कारण मी स्वतः भोगलंय. एका प्रोजेक्टने मला त्यांच्या कौन्सिलवर घेतलं, वेबसाइटवर नाव लावलं, आणि आठ महिने मी दर मीटिंगला असे निर्णय ऐकत राहिले जे दोन संस्थापकांनी आपसात चॅटवर आधीच घेतलेले असायचे. मी बाहेर पडले तेव्हा ते म्हणाले, व्हॉलंटियर टिकतच नाहीत. मी त्यांना सांगितलं की टिकायला काहीतरी हातात असावं लागतं. तेव्हापासून मला कोणी बोलावलं की मी पहिल्यांदा विचारते, काम देताय ते ठीक आहे, किल्ली देणार का?

असे तीन-चार जण सहा महिने काम करू देत, मग कमिटी आपोआपच झालेली असेल, तिला फक्त नाव द्यायचं आणि एक पानभर नियम लिहायचे, की कोणता निर्णय कोण घेणार, मुदत किती, जमेना झालं तर बाजूला कसं व्हायचं, आणि कोणी बेजबाबदार वागलं तर त्याला कसं काढायचं. हे शेवटचं सगळं गोड चाललंय तेव्हाच लिहून ठेवा. भांडणात नियम लिहायला बसलं की प्रत्येक ओळ कोणाच्या तरी अंगावर जाते.

प्रश्न (साताऱ्याहून एक शिक्षिका): मी मराठी शिकवते. दोन वर्षं एका सॉफ्टवेअरचं मराठी भाषांतर हौस म्हणून करतेय. आता ते म्हणतात आमच्या कौन्सिलमध्ये या. मला कोड वाचता येत नाही, मीटिंगा इंग्रजीत आणि रात्री अकराला असतात. मी तिथे जाऊन काय ठरवणार?

उत्तर: "सेव्ह" ला "जतन करा" लिहायचं की "साठवा", "फाइल" तशीच ठेवायची की "धारिका" करायची, हे आत्ता कोण ठरवतंय हो? तुम्हीच ना? ते बटण पहिल्यांदाच कॉम्प्युटरला हात लावणाऱ्या एखाद्या आजोबांना कळणार की नाही हे तुमच्या शब्दावर अवलंबून आहे, तेव्हा निर्णय तुम्ही आधीपासून घेताच आहात. कौन्सिलमध्ये गेलात तर एवढाच फरक पडेल की रिलीजच्या आदल्या दिवशी कोणीतरी चाळीस नवी वाक्यं टाकली आणि भाषांतराला वेळच दिला नाही, असं झालं की ते थांबवायला तुमच्याकडे मत असेल.

डेबियनमध्ये बराच काळ पूर्ण सदस्य म्हणजे पॅकेज (बसवायला तयार सॉफ्टवेअर) बनवणारा डेव्हलपर असंच समीकरण होतं. २०१० साली त्यांनी मतदान घेऊन ठरवलं की पॅकेज न बनवणाऱ्या, म्हणजे भाषांतर, डॉक्युमेंटेशन, डिझाइन असं काम करणाऱ्यांनाही सदस्य म्हणून घ्यायचं, आणि त्यांनाही मतदानाचा तोच हक्क. तुम्ही कोणाच्या मेहरबानीने जात नाही आहात.

रात्री अकराचं मात्र स्पष्ट बोला. अपाचे फाउंडेशन या ओपन सोर्स संस्थेच्या प्रोजेक्टांमध्ये जुना रिवाज आहे की निर्णय मेलिंग लिस्टवर लेखी व्हायला हवा, कॉलवर बोललात, कॉन्फरन्समध्ये चहा पिताना ठरवलंत, तरी लिस्टवर येईपर्यंत ते ठरलेलं धरत नाहीत, आणि मतदान साधारणपणे कमीत कमी ७२ तास उघडं ठेवतात म्हणजे पृथ्वीच्या कुठल्याही टोकाचा माणूस झोपून उठून, कामावर जाऊन येऊन मत देऊ शकतो. ज्यांच्या घरी लहान मूल आहे किंवा पहाटे उठून डबे करायचेत त्यांना कॉलवरच्या कमिटीत कधीच जागा मिळत नाही, आणि मग कमिटीत तेच तेच लोक का दिसतात म्हणून सगळे विचारत बसतात. "येते, पण निर्णय लेखी आणि ७२ तासांच्या मुदतीने" असं कळवा. लेखी असलं की इंग्रजीचं दडपणही कमी होतं, शब्द शोधायला वेळ मिळतो.

प्रश्न (कराडहून एक विद्यार्थी): ताई, मी इंजिनीअरिंगच्या थर्ड इयरला आहे. मोठ्या प्रोजेक्टमध्ये माझे चार पॅच (कोडमधले छोटे बदल) गेलेत. मला निर्णय कसे होतात ते आतून बघायचंय पण ओळख कोणाशीच नाही. थेट मागितलं तर आगाऊ वाटेल का?

उत्तर: अरे आगाऊ कशाला वाटेल, मेंटेनरला, म्हणजे प्रोजेक्ट सांभाळणाऱ्याला, असा मेल आला तर दिवस चांगला जातो त्याचा. कुबर्नेटीस या सर्व्हरवर सॉफ्टवेअर चालवायच्या मोठ्या ओपन सोर्स प्रोजेक्टची पद्धत बघ म्हणजे लक्षात येईल. त्यांची वर्षाला तीन रिलीज निघतात, प्रत्येक रिलीजची वेगळी टीम बनते, आणि टीममधल्या प्रत्येक लीडच्या हाताखाली काही शॅडो घेतात. शॅडो म्हणजे सोबत राहून शिकणारा. साधारण साडेतीन महिने तू लीडबरोबर काम करायचंस, डॉक्युमेंटेशन नाहीतर रिलीज नोट्ससारखं एक अंग सांभाळायचंस, आणि नीट केलंस तर पुढे कधीतरी तूच लीड. शॅडो व्हायला फॉर्म भरायचा असतो, अर्ज जागांपेक्षा खूप जास्त येतात, तरी भर. पहिल्यांदा नाही झालं तर पुढच्या रिलीजला परत भर, त्यात कमीपणा काही नाही.

तुझ्या प्रोजेक्टमध्ये असं काही नसेल तर एक काम माग जे कोणालाच नको असतं, मीटिंगचं टिपण. कोण काय म्हणालं, काय ठरलं, काय राहिलं. तीन महिने ते मन लावून केलंस तर कुठला निर्णय का अडकलाय हे तुला अर्ध्या मेंटेनरपेक्षा जास्त माहीत असेल, आणि लोक तुला विचारायला लागतील. मी अशीच आत आले.

प्रश्न (ठाण्याहून एक वाचक): माझी एक छोटी लायब्ररी आहे, एकटाच मेंटेन करतो. दोन महिन्यांपूर्वी एक जण आला, पॅच चांगले असतात त्याचे, पण आता तो रिलीजचे अधिकार मागतोय आणि आणखी दोन अनोळखी अकाउंट येऊन म्हणतायत की तुम्ही स्लो आहात, त्याला द्या. मला एक्सझेडचं प्रकरण आठवून झोप लागत नाही.

उत्तर: तुमची भीती अगदी रास्त आहे. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. एक्सझेड युटिल्स हे फाइल कॉम्प्रेस करणारं टूल जवळजवळ सगळ्या लिनक्समध्ये असतं आणि ते मुख्यतः लासे कॉलिन हे एकटे सांभाळत होते, बिनपगारी. २०२१ पासून जिया टॅन नावाचं एक अकाउंट चांगले पॅच द्यायला लागलं. २०२२ मध्ये वेगळीच काही अकाउंटं येऊन कॉलिन यांच्यावर दबाव टाकायला लागली की काम हळू चाललंय, दुसऱ्याला मेंटेनर करा. कॉलिन यांनी तेव्हा आपली मानसिक तब्येत बरी नसल्याचं लिहिलंही होतं. हळूहळू टॅनच्या हातात रिलीज आली, आणि २०२४ मध्ये ५.६.० आणि ५.६.१ या आवृत्त्यांमध्ये मागचं दार, म्हणजे दुसऱ्याच्या कॉम्प्युटरमध्ये गुपचूप शिरायची वाट, घुसवलेलं सापडलं. सापडलं तेही आंद्रेस फ्रॉइंड या पोस्टग्रेस डेटाबेसच्या डेव्हलपरला एसएसएच (दुरून दुसऱ्या कॉम्प्युटरवर जायची सोय) लॉगिनला अर्धा सेकंद जास्त का लागतोय असा प्रश्न पडला म्हणून, आणि त्यांनी २९ मार्चला ते जाहीर केलं.

यावरून नव्या माणसाला आत घेऊच नये असं बरेच जण म्हणतात, मला ते पटत नाही. मला त्या सगळ्या गोष्टीत दिसतो तो एक थकलेला, एकटा माणूस, ज्याच्या बाजूने त्या वेळी "अहो, जरा थांबा, ते फुकट करतायत" असं म्हणायला कोणी उभं राहिलं नाही. आणखी दोन विश्वासाचे मेंटेनर असते तर तो दबाव एवढा चाललाच नसता. म्हणून तुम्हाला माणसं हवीच आहेत, फक्त अधिकार एका ताटात सगळे वाढू नका. त्याला आधी रिव्ह्यूचं, म्हणजे इतरांचा कोड तपासायचं, काम द्या. रिलीजचे अधिकार आत्ता नाहीत असं सरळ, सगळ्यांना दिसेल असं लिहा, आणि इथून पुढे रिलीज दोन माणसांच्या संमतीशिवाय निघणार नाही, त्यात मीसुद्धा आलो, हेही लिहा. हा नियम खऱ्या माणसाला टोचत नाही. आणि कोणीही घाई करायला लागलं की तेवढ्यापुरतं आणखी सावकाश जायचं.

खरं नाव, ओळखपत्र मागू का असं तुम्ही पुढे विचारलंय. टोपणनावाने काम करणारे प्रामाणिक लोक खूप आहेत, त्यांना उगाच दुखवाल. डेबियनमध्ये नव्या डेव्हलपरच्या डिजिटल किल्लीवर आधीच्या डेव्हलपरची सही लागते, म्हणजे कोणीतरी ओळखीच्या माणसाने जबाबदारी घेतलेली असते. तुमच्या एवढ्याशा लायब्ररीला ती पद्धत जड होईल, पण तुमची लायब्ररी वापरणाऱ्या दोन-तीन प्रोजेक्टांच्या मेंटेनरना आजच लिहा की मी एकटा आहे, रिव्ह्यूला एक माणूस द्याल का. त्यांचं पोट तुमच्यावर आहे, त्यांना ते कळेल. आणि दोन रात्री नोटिफिकेशन बंद करून झोपा हो, लायब्ररी कुठे जात नाही.

प्रश्न (हिंजवडीहून एक वाचक): आमच्या पाच जणांच्या कमिटीसाठी एक कंपनी चार माणसं द्यायला तयार आहे, पगार तीच देणार. घ्यायची का?

उत्तर: माणसं घ्या, खुर्च्या चार देऊ नका. पायथन या प्रोग्रामिंग भाषेच्या पाच जणांच्या स्टीअरिंग कौन्सिलमध्ये एका कंपनीचे जास्तीत जास्त दोन बसू शकतात, कुबर्नेटीसच्या सात जणांच्या कमिटीत एक तृतीयांशच्या वर नाही, म्हणजे तिथेही दोनच. हे आधी नियमात लिहा आणि मग कंपनीला हो म्हणा, बाकीचे दोघं कोड आणि टेस्टिंग करू देत. उद्या कंपनीचं धोरण बदललं, चौघांना एकाच दिवशी दुसऱ्या कामावर घातलं, तर तुमची कमिटी एका दुपारी रिकामी होईल.

प्रश्न (न्यू जर्सीहून एक वाचक): बारा वर्षं एकट्याने प्रोजेक्ट चालवलं, आता थकलोय. सोडतो म्हणून जाहीर केलं तर मरेल अशी भीती वाटते, आणि खरं सांगायचं तर जीवही तुटतो. कसं सोडायचं?

उत्तर: जीव तुटणारच, बारा वर्षं रात्री घातल्यात तुम्ही त्यात. पायथनचे जनक खिदो फान रोसम यांनी १२ जुलै २०१८ ला एका वादाच्या निर्णयानंतर थकून कळवलं की मी कायमचा निर्णयकर्ता म्हणून आता थांबतो, आणि वारस नेमला नाही, पुढे कसं चालवायचं तेही सांगितलं नाही, तुम्हीच ठरवा म्हणाले. मग कोअर डेव्हलपरनी सात वेगवेगळे प्रस्ताव लिहिले, डिसेंबरमध्ये मतदान करून पाच जणांच्या कौन्सिलचा प्रस्ताव निवडला, आणि २०१९ च्या सुरुवातीला पहिलं कौन्सिल निवडून आलं. त्या पाचात खिदो स्वतःही होते, पण आता पाचातले एक म्हणून, आणि पुढच्या वेळी ते बसले नाहीत. मला ही उतरण फार आवडते, वरून एकदम उडी नाही, एक पायरी मधे.

पण पायथनकडे त्या वेळी अनुभवी कोअर डेव्हलपरांची मोठी फळी होती, तुमच्याकडे ती नाही, म्हणून तुम्ही क्रम उलटा करा. जाहीर नंतर करा, आधी माणसं. नाशिकच्या वाचकांना वर जे सांगितलंय ते करा, दोघं-तिघं मिळाले की पंधरा दिवस तुम्ही कशालाच उत्तर देऊ नका, त्यांना आधी सांगून. कोणीतरी चुकीचं मर्ज करेल. तुमचा हात शिवशिवेल, पण तुम्ही दुरुस्त करायला जाऊ नका, फोन करा आणि परत कसं फिरवायचं ते त्यांच्याच हातून करून घ्या. त्या पंधरा दिवसांत त्यांना जिथे जिथे अडलं आणि तुमच्याशिवाय पुढे जाता आलं नाही, ती तुमची खरी यादी. सर्व्हरचा पासवर्ड, रिलीजवर सही करायची किल्ली, बिल्ड तुटला की कोणाला मेल करायचा, असं सगळं त्यात येईल. एक गोष्ट मी आत्ताच सांगून ठेवते कारण ती प्रत्येक वेळी राहते: डोमेन तुमच्या क्रेडिट कार्डावर दरवर्षी रिन्यू होत असेल, कार्डाची तारीख बघा, आणि त्या अकाउंटवर दुसऱ्या कोणाचा तरी ईमेल याच आठवड्यात घाला.